शिकवता शिकवता शिष्य झालेले धर्मगुरू : फादर शार्ल-मिशेल द लेपे

इ. स. १७६० च्या सुमारास पॅरिस शहरातील फोसे-सँ-व्हिक्तोर नावाच्या रस्त्यावरील एका घरी एक मध्यमवयीन धर्मगुरू काही कामानिमित्त गेले. घरची गृहिणी बाहेर गेली होती. खोलीत दोन बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. धर्मगुरूंनी त्यांच्या आईची चौकशी केली. उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, थोडा आवाज चढवून विचारले. पण मुलींची नजर सुईवरून हलली नाही. हा कोणता उद्धटपणा, असे त्यांच्या मनात येत असतानाच आई परतली आणि डोळ्यांत पाणी आणून तिने खुलासा केला. तिच्या या जुळ्या मुली बहिऱ्या होत्या. फादर व्हानँ नावाचे एक धर्मगुरू येऊन त्यांना संतांची चित्रे दाखवीत आणि चित्रांच्या आधारे थोडेफार धर्मशिक्षण देत. त्या फादरांचे निधन झाले होते आणि त्यांचे अपुरे काम हाती घेणारा कोणी मिळत नव्हता.

परंपरेने चालत आलेली ही हकिकत येथे दिली, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ याच खोलीत आहे. त्या पाहुण्या धर्मगुरूंनी मनाशी विचार केला की, या दोन जीवांना परमेश्वराची ओळख न होताच त्यांचे आयुष्य संपले तर त्याचा दोष कोणाकडे जाईल? आपण काही करू शकू की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुक्या-बहिऱ्यांना शिकवण्याचा त्यांना तिळमात्र अनुभव नव्हता. तरीही त्यांनी होकार दिला. त्या धर्मगुरूंचे नाव शार्ल-मिशेल द लेपे. फ्रान्समध्ये धर्मगुरूंना आदराने आबे म्हणतात, म्हणून जगाच्या इतिहासात ते आबे द लेपे या नावाने ओळखले जातात. आपण त्यांना आपल्या रीतीप्रमाणे फादर द लेपे म्हणू या.

फादर द लेपे यांचा जन्म दि. २४ नोव्हेंबर १७१२ रोजी व्हर्साय येथे झाला. वडील राजाच्या इमारत खात्यात तज्ज्ञ म्हणून काम करीत होते. घराणे सुखवस्तू होते. धर्मगुरू व्हावे ही मुलाची इच्छा लहानपणापासूनची. परंतु ती सरळ मार्गाने पूर्ण होणार नव्हती. त्या काळी फ्रान्सच्या ख्रिस्तसभेत यान्सेनवादाचा मोठा वाद पेटलेला होता. परमेश्वराची कृपा आणि मानवाची इच्छाशक्ती यांच्या नात्याविषयीची ती कठोर विचारसरणी होती आणि इ. स. १७१३ मध्ये पोपमहोदय अकरावे क्लेमेंट यांनी तिचा निषेध केला होता. गुरुदीक्षेच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक तरुणाने त्या विचारसरणीचा त्याग केल्याचे लेखी निवेदन करावे, असा दंडक होता. तरुण द लेपे यांनी सही करण्यास नकार दिला. परिणामी गुरुदीक्षेचे दार बंद झाले. ते कायद्याकडे वळले आणि वकिलीची सनद त्यांनी मिळवली. पण त्यांचे मन तेथे रमले नाही.

पुढे त्रुआ धर्मप्रांताचे बिशप बोस्युए यांनी त्यांना आपल्या धर्मप्रांतात घेतले आणि इ. स. १७३८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा दिली. (हे बोस्युए म्हणजे प्रसिद्ध वक्ते आणि लेखक बिशप बोस्युए यांचे पुतणे.) या बिशपांच्या निधनानंतर मात्र फादर द लेपे यांचा आधार तुटला. ते पॅरिसला परतले. तेथील आर्चबिशप क्रिस्तोफ द बोमाँ हे यान्सेनवादाचे कट्टर विरोधक होते. फादर द लेपे यांना त्यांनी पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला नाही. हातात धर्मग्राम नाही, प्रवचनपीठ नाही, पापनिवेदनाची खुर्ची नाही, अशा अवस्थेत वडिलोपार्जित उत्पन्नावर जगत, वाचन आणि प्रार्थना करीत त्यांनी वयाची सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे गाठली होती. एखाद्याने म्हटले असते की, या धर्मगुरूंचे आयुष्य वाया गेले. जुळ्या बहिणींच्या घराचा उंबरठा त्यांनी ओलांडला तो या अवस्थेत.

त्या काळी बहिऱ्या माणसाची समाजातील स्थिती काय होती, हे आज आपल्याला कल्पनेनेही कळणे कठीण आहे. जन्मतः बहिऱ्या व्यक्तीला बोलता येत नसल्यामुळे तिला विचारही करता येत नाही, असे विद्वानांसह बहुतेकांना वाटत असे. रोमन कायद्याच्या परंपरेत अशा व्यक्तीला मृत्युपत्र करण्यासारखे साधे अधिकारही नाकारले गेले होते. पुष्कळ घरांत अशी मुले लोकांच्या नजरेआड ठेवली जात. धर्माच्या बाबतीतही अडचण होती. संत पौलाने श्रद्धेचा संबंध श्रवणाशी जोडला आहे. त्याचा शब्दशः अर्थ लावणाऱ्यांना प्रश्न पडे की, ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचणार कसे? प्रभू येशूने एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला आणि त्याचे कान मोकळे केले, ही घटना स्नानसंस्काराच्या विधीतून आपण आजही स्मरतो. पण तसा चमत्कार रोज घडत नाही, म्हणून बाकीच्यांना बाहेरच ठेवायचे काय?

फादर द लेपे यांच्याआधी कोणी प्रयत्नच केले नव्हते, असे मात्र नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये बेनेडिक्टाइन मठवासी पेद्रो पोन्से द लेओन यांनी उमरावांच्या बहिऱ्या मुलांना लिहिणे-बोलणे शिकवले होते. हुआन पाब्लो बोनेत यांनी इ. स. १६२० मध्ये या विषयावर पुस्तक छापले आणि त्यात बोटांनी दाखवायच्या मुळाक्षरांची चित्रे दिली. खुद्द पॅरिसमध्ये याकोब पेरेर हे शिक्षक बहिऱ्या मुलांना बोलते करीत आणि विद्वानांच्या अकादमीपुढे त्यांचे प्रात्यक्षिकही झाले होते. परंतु या साऱ्या प्रयत्नांत दोन गोष्टी समान होत्या. शिष्य बहुधा श्रीमंत घरचे असत आणि पेरेर यांच्यासारखे शिक्षक आपली पद्धत गुप्त ठेवीत, कारण ती त्यांच्या पोटापाण्याचे साधन होती. गरीब विणकराच्या किंवा मोलकरणीच्या बहिऱ्या मुलाकडे कोणी वळून पाहत नव्हते.

फादर द लेपे यांनी मूलांच्या रस्त्यावरील आपल्या घरातच शाळा सुरू केली. कोणाकडूनही फी घेतली नाही. गरिबांना प्रथम प्रवेश मिळे. मुले आणि मुली शहरातील वेगवेगळ्या वसतिगृहांत राहत आणि दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी फादरांच्या घरी पाठासाठी जमत. दोन बहिणींपासून सुरू झालेली ही शाळा इ. स. १७८५ पर्यंत सत्तरच्या आसपास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. वसतिगृहांचा, अन्नवस्त्रांचा बहुतेक खर्च फादर आपल्या वारसाहक्काच्या पैशांतून करीत.

त्यांची पद्धत काय होती, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण त्यातच त्यांचे मोठेपण आहे आणि त्यांची चूकही.

इतर शिक्षक बहिऱ्या मुलाला आवाज काढायला लावण्यापासून सुरुवात करीत. फादरांनी वेगळा विचार केला. शब्द आणि विचार यांचे नाते नैसर्गिक नाही, ते माणसांनी ठरवलेले आहे. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात विचार कानाच्या दाराने शिरतो. मग तो डोळ्यांच्या खिडकीने का शिरू नये? त्यांनी पाहिले की, ही मुले आपापसांत हातांनी, चेहऱ्याने, सर्वांगाने बोलतात. ते त्या खुणा शिकू लागले. येथे गुरू आणि शिष्य यांच्या जागा बदलल्या. पन्नाशीकडे झुकलेला हा विद्वान माणूस, ज्यांना समाज मंदबुद्धी समजत होता अशा मुलांकडून धडे घेऊ लागला. भाषेच्या बाबतीत परके आपण आहोत, मुले नव्हेत, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

मात्र या खुणांमध्ये फ्रेंच भाषेचे व्याकरण दिसत नव्हते आणि मुलांना तर फ्रेंच लिहायला-वाचायला शिकवायचे होते. म्हणून फादरांनी मुलांच्या खुणांना स्वतः रचलेल्या खुणांची जोड दिली. त्यांना ते पद्धतशीर खुणा म्हणत. फ्रेंचमध्ये नामाच्या आधी लिंगदर्शक उपपद लागते. हाडांना सांधे जोडतात तसे उपपद शब्दांना जोडते, असे समजावून ते बोटाचा सांधा वाकवून दाखवीत. पुल्लिंगासाठी हात टोपीकडे न्यायचा, कारण पुरुष टोपी घालतो. स्त्रीलिंगासाठी कानाकडे, कारण त्या काळच्या स्त्रियांचे शिरोभूषण कानापाशी संपत असे. भूतकाळासाठी हात खांद्यावरून मागे टाकायचा. तो किती वेळा टाकला यावरून भूतकाळाचा कोणता प्रकार ते ठरे. व्याकरणाला कंटाळलेल्या आपल्या शाळकरी मुलांनाही हा पाठ आवडेल!

पण सर्वांत हृद्य खूण होती ती विश्वास ठेवणे या क्रियापदाची. आपण मिस्सेत दर रविवारी ज्या शब्दाने श्रद्धेचा अंगीकार म्हणू लागतो, तो अमूर्त शब्द बहिऱ्या मुलाला कसा समजावायचा? फादरांनी त्याचे चार भाग पाडले. बोट कपाळाला लावून मनाचा होकार दाखवायचा, मग हृदयाला लावून अंतःकरणाचा होकार, मग ओठांची हालचाल करून मुखाचा होकार. आणि शेवटी डोळ्यांवर हात ठेवून मान नकारार्थी हलवायची, म्हणजे डोळ्यांनी मात्र पाहिलेले नाही. ईशज्ञानाच्या ग्रंथांनी पानेच्या पाने खर्च करून सांगितलेली श्रद्धेची व्याख्या त्यांनी चार हालचालींत बसवली.

इ. स. १७७१ पासून त्यांनी मुलांच्या जाहीर परीक्षा सुरू केल्या. प्रश्न सांक्रामेंतांविषयी, धर्मशिक्षणाविषयी असत आणि मुले फ्रेंचबरोबरच लॅटिन, इटालियन व स्पॅनिश भाषांतही लेखी उत्तरे देत. पॅरिसचे प्रतिष्ठित नागरिक, तत्त्वज्ञ, परदेशी पाहुणे यांची दाटी होई. पेरेर यांनी जे गुपित म्हणून जपले, ते फादर द लेपे चारचौघांत उघड करीत होते. इ. स. १७७६ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि १७८४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती काढली. जो कोणी शिकायला येईल त्याला ते शिकवीत आणि आपल्या देशात जाऊन शाळा काढ, एवढीच अट घालीत.

इ. स. १७७७ मध्ये पवित्र रोमन सम्राट दुसरा जोसेफ, म्हणजे फ्रान्सच्या राणीचा भाऊ, त्यांची शाळा पाहायला आला. प्रभावित होऊन त्याने फादरांना उत्पन्नाची मोठी जागा देऊ केली. फादरांनी ती नाकारली आणि त्याऐवजी एक शिकाऊ शिक्षक पाठवा, अशी विनंती केली. सम्राटाने फादर श्टोर्क यांना पाठवले आणि इ. स. १७७९ मध्ये व्हिएन्ना येथे शाळा सुरू झाली. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या राजदूतानेही भेटी पुढे केल्या, तेव्हा सोन्यापेक्षा आपल्याला रशियातील एखादा बहिरा विद्यार्थी हवा आहे, असे फादरांनी कळवले. ज्यांना स्वतःच्या शहरात पापनिवेदन ऐकण्याची मुभा नव्हती, त्यांच्या दारात राजेमहाराजे येत होते. या विसंगतीबद्दल त्यांनी कडवटपणा दाखवल्याचे दिसत नाही.

टीकाकारही होतेच. जर्मनीतील लायप्झिगचे शिक्षक सामुएल हाइनिके यांचे मत होते की, बोलल्याशिवाय विचार नाही; म्हणून बहिऱ्या मुलाला प्रथम बोलायलाच शिकवले पाहिजे. दोघांमध्ये पत्रांची देवाणघेवाण झाली, वाद चिघळला आणि झुरिकच्या अकादमीकडे निवाड्यासाठी गेला. इ. स. १७८३ मध्ये अकादमीने फादर द लेपे यांच्या बाजूने कौल दिला. तो कौल शेवटचा ठरला नाही, हे पुढे येईलच. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फादर द लेपे बोलण्याच्या शिक्षणाचे शत्रू नव्हते. त्यांनी बोनेत यांचे पुस्तक वाचण्यासाठी स्पॅनिश भाषा शिकून घेतली होती आणि काही विद्यार्थ्यांना उच्चारही शिकवले होते. पण एकेका मुलावर अपार वेळ खर्च करून चार शब्द उच्चारायला लावण्यापेक्षा सर्वांची मने उघडणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

फादर द लेपे यांनी सांकेतिक भाषा शोधून काढली, असे आजही पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. हे खरे नाही आणि ते खोटे ठरवणारा साक्षीदार त्यांच्याच काळातला आहे. पिएर देलोज हा पॅरिसमधील एक गरीब पुस्तकबांधणी कामगार. सातव्या वर्षी देवीच्या आजाराने तो बहिरा झाला होता. तो फादरांच्या शाळेत कधी शिकला नव्हता. एका बहिऱ्या इटालियन नोकराकडून तो खुणा शिकला. ओर्लियाँचे एक धर्मगुरू फादर देशाँ यांनी खुणांविरुद्ध पुस्तक लिहिले, तेव्हा इ. स. १७७९ मध्ये देलोजने त्याला उत्तर देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बहिऱ्या व्यक्तीने लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. पॅरिसमधील बहिऱ्या मजुरांची आपली एक भाषा आहे, तीत ते जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात, फादर द लेपे यांनी ती शोधली नाही तर ती शिकून घेतली आणि तिला व्याकरणाचे नियम लावले, असे त्याने स्पष्ट केले. फादरांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली भाषा भाषा म्हणून ओळखणे, ही लहान गोष्ट नव्हे.

चूक होती ती पद्धतशीर खुणांत. एकेका फ्रेंच शब्दासाठी खुणांची इतकी लांब माळ तयार होई की, मुले ती पाहून बिनचूक फ्रेंच लिहीत, परंतु स्वतःच्या मनातले दोन वाक्यांत मांडायला सांगितले तर अडखळत. पाहुण्यांना थक्क करणारी ती लेखी उत्तरे पुष्कळदा श्रुतलेखनासारखी होती. पुढच्या पिढीत ओगुस्त बेबियाँ यांनी या कृत्रिम खुणा सोडून द्याव्यात असे प्रतिपादन केले आणि काही वर्षांत त्या मागे पडल्या. बहिऱ्यांची स्वतःची भाषा तेवढी टिकली.

दुसरी चूक अधिक क्लेशदायक आहे. चरित्रकार ती बहुधा गौरवाची कथा म्हणून सांगतात. इ. स. १७७३ मध्ये पिकार्दी प्रांतातील रस्त्यावर एक बहिरा मुलगा बेवारस सापडला. तो पुढे पॅरिसच्या इस्पितळात आला आणि तेथे फादरांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याचे नाव जोसेफ ठेवले. त्याच्या खुणांवरून फादरांची खात्री झाली की, हा तुलूझच्या सोलार या उमराव घराण्याचा वारस असून मालमत्तेसाठी त्याला टाकून देण्यात आले आहे. त्या घराण्याचा बहिरा मुलगा देवीच्या आजाराने मरण पावल्याचे सांगितले जात होते. फादरांनी न्यायालयात धाव घेतली. काझो नावाच्या कायद्याच्या एका तरुण विद्यार्थ्याला बेड्या घालून तुलूझहून पॅरिसला आणण्यात आले. तारखांचा मेळ बसत नव्हता. जोसेफ सापडला तेव्हा सोलार घराण्याचा मुलगा तुलूझमध्येच होता. इ. स. १७८१ मध्ये काझो निर्दोष सुटला, पण जोसेफला सोलार नाव मिळाले. फादरांच्या मृत्यूनंतर, १७९२ मध्ये, तो निकालही फिरवण्यात आला. जोसेफ सैन्यात भरती झाला. इ. स. १७९९ मध्ये या प्रकरणावर रचलेले नाटक पॅरिसमध्ये गाजले आणि त्यात अर्थातच फादरांचे म्हणणे खरे ठरवलेले आहे. बहिऱ्या मुलाची साक्ष कोर्टाने ऐकलीच पाहिजे, हा फादरांचा आग्रह योग्य होता. पण करुणेच्या भरात त्यांनी एका निरपराध तरुणाचे आयुष्य पणाला लावले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

शेवटची वर्षे हलाखीची गेली. राजाने इ. स. १७७८ आणि १७८५ मध्ये शाळेला आश्रय देणारे हुकूम काढले, परंतु मदत तुटपुंजी होती. इ. स. १७८८ चा हिवाळा फ्रान्समध्ये अत्यंत कडाक्याचा होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या फादरांनी आपल्या खोलीत शेकोटी पेटवण्याचे बंद केले होते, कारण लाकडाचा पैसा मुलांच्या वाट्याचा आहे असे ते मानीत. मुलांना हे कळले तेव्हा त्यांनी रडून त्यांना लाकूड विकत घ्यायला भाग पाडले. त्यानंतरही, मुलांचे पैसे आपण जाळले, असे फादर हळहळून सांगत, अशी आठवण आहे.

दि. २३ डिसेंबर १७८९ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, फादर द लेपे यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या सान्निध्यात देह ठेवला. फ्रान्समध्ये राज्यक्रांती सुरू होऊन काही महिने लोटले होते. बोर्दोचे आर्चबिशप शाँपियाँ द सिसे हे त्या वेळी मंत्री होते. मृत्युशय्येपाशी आलेल्या शिष्टमंडळाने मुलांची जबाबदारी राष्ट्र घेईल, असे आश्वासन दिल्याचे सांगितले जाते. ते पाळले गेले. इ. स. १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने शाळेला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा दिला आणि फादरांचे नाव मानवजातीच्या उपकारकर्त्यांमध्ये नोंदवले. चर्चच्या मालमत्ता जप्त करणाऱ्या त्याच सभेने एका धर्मगुरूचा हा गौरव केला. सँ-रोक चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. फादर सिकार त्यांच्या गादीवर आले.

सिकार यांच्या काळातील बहिरे शिक्षक लॉराँ क्लेर इ. स. १८१६ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक थॉमस गॅलोडेट यांच्याबरोबर जहाजाने अमेरिकेला गेले. वाटेत क्लेर यांनी गॅलोडेट यांना खुणा शिकवल्या आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकून घेतले. इ. स. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा उघडली. आजच्या अमेरिकन सांकेतिक भाषेत फ्रेंच खुणांचा मोठा अंश आहे तो यामुळे.

खुद्द पॅरिसमध्ये फादरांची आठवण ठेवली ती बहिऱ्यांनीच. फेर्दिनाँ बर्तिए हे त्या शाळेतील बहिरे प्राध्यापक. त्यांनी पुढाकार घेऊन इ. स. १८३४ च्या नोव्हेंबर महिन्यात फादरांच्या जन्मदिनानिमित्त मेजवानी आयोजित केली. दरवर्षी होऊ लागलेल्या या मेजवान्यांत भाषणे हातांनी होत आणि ज्यांना खुणा येत नसत त्या पाहुण्यांना दुभाष्याचा आधार घ्यावा लागे! या मेळाव्यांतूनच १८३८ मध्ये बहिऱ्यांची संस्था उभी राहिली. बहिऱ्यांनी आपल्या हक्कांसाठी आपणच उभारलेल्या संघटनांची परंपरा येथे सुरू होते. सँ-रोक चर्चमधील फादरांच्या समाधीवर स्मारक उभारण्यासाठी याच मंडळींनी खटपट केली. इ. स. १८५२ मध्ये बर्तिए यांनी फादरांचे चरित्र लिहिले.

आणि मग इ. स. १८८० उजाडले. सप्टेंबर महिन्यात मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर ज्युलिओ तारा. खुणांपेक्षा तोंडी भाषा श्रेष्ठ आहे, असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. प्रतिनिधींमध्ये बहिरे जवळजवळ नव्हतेच. ठरावाचा परिणाम असा झाला की, युरोपभर वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हातांनी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. फादर द लेपे यांच्या स्वतःच्या शाळेतही तेच घडले. त्या शाळेच्या अंगणात, बहिरे शिल्पकार फेलिक्स मार्तँ यांनी घडवलेला फादरांचा पुतळा अवघ्या वर्षापूर्वीच उभा राहिला होता. आपल्या धर्मगुरूंपैकी एकाने जे दिले, ते दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली काढून घेतले गेले, हे कबूल करताना मान खाली जाते. फादर तारा यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनीही आयुष्य बहिऱ्या मुलांसाठीच वेचले होते. पण त्यांनी त्या मुलांना विचारले नाही.

आपल्या मुंबईशी या इतिहासाचा धागा जुळतो तो याच काळात. मुंबईचे तत्कालीन बिशप, येशूसंघीय लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू केली. भारतातील अशा शाळांमध्ये तिचा मान पहिला समजला जातो. काळ मिलाननंतरचा असल्यामुळे आपल्याकडील बहिऱ्यांच्या शाळा पुढे कित्येक दशके ओठ वाचणे आणि बोलणे याच मार्गाने चालल्या. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत सुरू व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हर येथील परिषदेत.

मिलानच्या परिषदेला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, ऑगस्ट १८८० मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात बहिरे नागरिक एकत्र आले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तोंडी शिक्षणाची लाट अमेरिकेतही आली, तेव्हा खुणांची भाषा नष्ट होऊ नये म्हणून या संघटनेने पैसा गोळा करून, तेव्हा नव्यानेच आलेल्या चलच्चित्राच्या तंत्राने उत्तम खुणाकारांचे चित्रपट काढले. त्यांतील एक १९१३ सालचा आहे. संघटनेचे माजी अध्यक्ष जॉर्ज व्हेडित्झ कॅमेऱ्यासमोर उभे राहून काही मिनिटे हातांनी भाषण करतात. चित्रपट मूक आहे. त्याला आवाजाची गरजही नाही. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. आपली भाषा वाचवण्याचे कळकळीचे आवाहन हा त्या भाषणाचा विषय आहे. पण व्हेडित्झ सुरुवात करतात ती फ्रान्सपासून. तेथील बहिऱ्यांचे द लेपे यांच्यावर फार प्रेम आहे, दरवर्षी त्यांच्या जन्मदिनी ते मेजवानीसाठी जमतात आणि असा माणूस या भूतलावर जन्माला आला याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतात, असे ते हातांनी सांगतात.